रात्रीच्या तिकिटाचा हिशोब

आयुष्यात मी एकाच माणसाला मारलं. स्टीलच्या थर्मासने, पाठीमागून, डोक्यावर. त्याला चार टाके पडले. त्याच्या आदल्या महिन्यात तो आमच्या घरी जेवून गेला होता आणि त्याने पुरणपोळी दोनदा मागून घेतली होती.

हे घडलं नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, बेंगळुरात. मी एका कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात होतो. एका नगाला किती खर्च आला हे काढणं माझं काम. बसवनगुडीत आम्ही दहाबारा मराठी कुटुंबं महिन्यातून एकदा जमायचो. निम्मे माझ्यासारखे बेळगावकडचे, कन्नड येणारे. उरलेले पुण्यामुंबईहून कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी नुकतेच आलेले. त्यांना कन्नड 'सरी' म्हणजे बरं आणि 'स्वल्प' म्हणजे थोडं, या दोन शब्दांपुरतं येत होतं. माझा मेव्हणा त्यांच्यातलाच, येऊन पाच महिने झालेला.

ती जाहिरात त्यानेच आणली. देवनहळ्ळीच्या रस्त्याला शेतांमध्ये एक करमणूक पार्क झालं होतं. ते दिवसा चालायचं, पण आता शनिवारी बंद झाल्यावर वेगळं तिकीट काढून साडेसहा ते साडेदहा आत सोडणार होते. माणसं मोजकी, रांगा नाहीत. तिकीट दोनशे चाळीस रुपये. दिवसाचं एकशे दहा होतं.

"दुपटीपेक्षा जास्त," मी म्हणालो.

"दाजी, तुम्ही नुसती किंमत बघता. नगाला काय पडतं ते काढा की. तुमचाच धंदा आहे तो."

मी काढलं. दिवसा सहा तासांत, रांगा धरून, माणसाला दहा पाळणे मिळतात. पाळण्याला अकरा रुपये. रात्री रांग नसली तर दहा मिनिटांना एक, चार तासांत चोवीस. पाळण्याला दहा. रात्रीचं तिकीट एक रुपयाने स्वस्त होतं. पुढच्या बैठकीत मी हे सगळ्यांना वाचून दाखवलं आणि बेचाळीस जणांनी पैसे दिले. माझ्या शब्दावर दिले, हे इथे लिहिलं पाहिजे. जाहिरातीवर कोणाचाच विश्वास नव्हता.

आत गेल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांतच समजलं की असा हिशोब केलेले आम्ही एकटे नव्हतो. मोजकी माणसं म्हणजे किती, हे जाहिरातीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. मोकळ्या पटांगणात लोक कणसातल्या दाण्यांसारखे दाटले होते. सगळ्या पार्कात मिळून सोळापैकी सहा पाळणे चालू होते. पाण्याचे सगळे बंद. आपापसांत धडकवायच्या गाड्यांपाशी दोन बाप एकमेकांची गचांडी धरून उभे होते आणि गाडीत बसलेली त्यांची मुलं खुशाल एकमेकांना धडका देत होती. पुढे एका बाईने रांगेत घुसणाऱ्या माणसाच्या तोंडावर पर्स मारली. पर्सची साखळी त्याच्या भुवईला लागली आणि रक्त नाकावरून खाली आलं. तो ते पुसत पुसत रांगेतच उभा राहिला. जागा सोडली नाही. मला त्याचं कारण समजत होतं. त्याने दोनशे चाळीस भरले होते.

माझ्या खिशात एक कागद होता. मुलगी कोणत्या पाळण्यात किती वाजता बसली ते मी त्यावर लिहीत होतो. ती अकरा वर्षांची होती. पावणेनऊपर्यंत तिचे पाच झाले.

"बाबा, पुरे आता. पाय दुखतायत."

"अजून पावणेदोन तास आहेत. पैसे वसूल नको व्हायला?"

ती मामाबरोबर मोठ्या चक्राच्या रांगेत गेली. चक्राला बसायचे सोळा पाळणे, प्रत्येकावर रंगाने आकडा घातलेला. ती दोघं तीन नंबरात बसली. चक्राने दोन फेऱ्या घेतल्या आणि वीज गेली.

जनरेटर लागला, पण त्यावर दिवे आले, गाणी आली आणि खाण्याचे स्टॉल आले. चक्र काही हललं नाही. एक नंबर अगदी खाली होता. तीन नंबर त्याच्या बाजूला थोडा वर, दुमजली घराच्या गच्चीएवढ्या उंचीवर. मुलीच्या चपला मला दिसत होत्या.

चक्र चालवणारा पन्नाशीचा एक बारीक माणूस होता, खाकी शर्ट, कमरेला टॉवेल. लोक त्याच्याभोवती जमले. पंधरा मिनिटं गेली. आमच्या गटातला एक मुंबईचा माणूस, त्याची बायको दोन नंबरात अडकली होती, तो मला म्हणाला, "काका, तुम्हाला कन्नड येतं. सांगा याला. आकडे आहेत ना तुमच्याकडे?"

माझी बायको शेजारी थर्मास घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "अहो, तो कागद ठेवा खिशात. त्या माणसाचा काय संबंध?"

मी कागद काढला. सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला, आधी कन्नडमध्ये आणि मग आपल्या लोकांसाठी मराठीत. सव्वादोन तासांत पाच पाळणे. पाळण्याला अठ्ठेचाळीस रुपये. दिवसा अकरा. आमच्या गटाचे मिळून दहा हजार ऐंशी. मी ते आवाज न चढवता, ऑफिसात वाचतो तसंच वाचलं. पण "दहा हजार" हा शब्द मागे मागे गेला, आणि तिथून पुढे आला तो ढकलाढकलीच्या रूपाने. कोणीतरी त्या माणसाला "चोर" म्हणालं. त्याला महिन्याला किती मिळत असेल हा आकडा माझ्या कागदावर नव्हता.

तो मात्र शांत होता. त्याने जोडीदाराला हाक मारली, ब्रेकचा लांब दांडा दोन्ही हातांनी खाली दाबून धरला आणि एक नंबरातली माणसं उतरवली. लोक निवळले. आता दोन येणार, मग तीन. मुलीने मला हात केला. मग त्याने दांडा सैल केला, जोडीदाराने चक्राचा कडेचा लोखंडी पट्टा ओढायला सुरुवात केली, आणि दोन नंबर आमच्यासमोरून वर गेला. तीन नंबरही वर निघाला. मुलीच्या चपला लहान होत होत काळोखात गेल्या. तो तिला पार माथ्याकडे घेऊन चालला होता.

पहिला मीच ओरडलो. कन्नडमध्ये, एकेरीवर. तुझ्या बापाचं आहे का, कुठं नेतोस पोरीला, असं काहीतरी. इतकी वर्षं मी हे एका माणसाशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना वाटतं सुरुवात त्या मुंबईच्या माणसाने केली. त्याने फक्त पहिला हात टाकला.

ठोसा तोंडावर बसला. ओल्या मातीवर फावडं मारल्यासारखा आवाज आला. मग दुसऱ्याने कानशिलात दिली, तिसऱ्याने मागून लाथ घातली. जोडीदार पळून गेला. तो बारीक माणूस खाली वाकला, पण दांडा सोडेना. ते त्याची बोटं एकेक करून दांड्यावरून उचकटत होते आणि तो तोंडातून रक्त गाळत सारखं म्हणत होता, "बिडी, बिडी, कै बिडी."

"बिडी पाहिजे म्हणतोय," आमच्यातलाच एक पुण्याचा तरुण ओरडला. "आमची माणसं वर टांगून ह्याला बिडी ओढायचीय."

लोक हसले. हसले आणि मग आणखी जोरात मारायला लागले.

बिडी म्हणजे सोडा. कै बिडी, हात सोडा. त्या घोळक्यात हे समजणारा मी एकटा नसेन, पण इतका जवळ असलेला मी एकटाच होतो. आणि मी एक क्षण तसाच उभा राहिलो, कारण त्याचा मार बघून मला बरं वाटत होतं.

मग दांडा वर उडाला. चक्र आपसूक फिरायला लागलं, उलट दिशेने, सावकाश, मग जरा जलद. वरच्या सगळ्या पाळण्यांतून एकच आवाज आला. त्यात आपल्या मुलीचा कोणता हे ओळखू येत नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो चक्राचं वजन सांभाळत होता. एका बाजूचा पाळणा रिकामा केला की समोरचा रिकामा करायचा, नाहीतर भरलेली बाजू ओढून नेते. एक झाला की नऊ, मग पाच, मग तेरा. तो चेष्टा करत नव्हता, हिशोब करत होता. त्याचा बरोबर होता.

मी बायकोच्या हातातला थर्मास घेतला आणि समोरचं जे डोकं होतं त्यावर मारला. ते मुंबईच्या माणसाचं होतं. आतली काच फुटल्याचं हाताला कळलं, गरम कॉफी त्याच्या मानेवरून माझ्या मनगटावर आली. तो गुडघ्यावर बसला. मी त्याच्या पाठीवर पाय देऊन पुढे गेलो आणि दांड्यावर पालथा पडलो. माझं वजन एकसष्ट किलो. पुरलं नाही. खालून दोन रक्ताळलेले हात आले आणि माझ्या हातांशेजारी दांड्याला लागले. चक्र कण्हत थांबलं.

"हलू देऊ नका," मी मराठीत बोललो. त्यालाही ते कळलं.

मारणारे मागे सरले होते. रक्त त्यांच्यातल्या एकाचं निघाल्यावर ते मागे सरले. त्या माणसाने टॉवेल तोंडात कोंबला, थोड्या वेळाने काढला, थुंकला. एक डोळा मिटत चालला होता. त्याने मला विचारलं, "तुमचं कोण आहे? कितव्यात?"

"मुलगी. तीन नंबर."

"एष्टु केजी?" किती किलो.

"बत्तीस. बरोबर माझा मेव्हणा, सत्तर."

त्याने मान हलवली, वर बघून ओठांनी काहीतरी मोजलं. त्याने मला दांड्यावर ठेवलं आणि स्वतः पट्टा ओढायला गेला. ज्यांनी मारलं होतं त्यांच्यातल्याच दोघांना त्याने ओढायला बोलावलं. ते आले. नऊ उतरला. पाच उतरला. तेरा उतरला. मग तीन.

मेव्हणा उतरून बाजूला जाऊन ओकला. मुलगी माझ्याकडे न येता आईकडे गेली.

सगळे उतरल्यावर मुंबईच्या माणसाला आणि त्याच्या बायकोला आम्ही परतीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसवलं आणि बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या एका दवाखान्यात टाके घालून घेतले. ते पैसे मी दिले. त्याची बायको मला म्हणाली, "काका, ह्यांना हाक मारायची होती. हाकेने वळले असते."

मी म्हणालो, "नसते वळले." आजही मला तसंच वाटतं.

बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली होती. मग म्हणाली, "बाबा, वरती सगळं ऐकू येत होतं. तुम्ही अठ्ठेचाळीस म्हणालात तेही."

पुढच्या रविवारी मी दिवसाच्या वेळी, एकटा, साध्या बसने तिथे गेलो. तो चक्रावर नव्हता. लहान मुलांच्या आगगाडीच्या फाटकाशी स्टुलावर बसून तिकिटं फाडत होता. दोन बोटं एकत्र बांधलेली. मी अण्णा म्हणून हाक मारली आणि माफी मागितली, ओरडायला मीच सुरुवात केली हेही सांगितलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "कन्नडमध्ये शिवी एकच आली होती." मग त्याने विचारलं, "पोरगी झोपते ना नीट?"

"नाही."

"झोपेल." त्याने आणखी चार तिकिटं फाडली. "अर्धा फेरा का फिरवतो, एवढं कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्हाला तर भाषा येत होती, सर."

मी खिशातून लिफाफा काढून त्याच्या हातात दिला. त्यात दोनशे चाळीस होते, माझ्या तिकिटाचे. का कोण जाणे, मला तोच आकडा योग्य वाटला होता. त्याने डाव्या हाताने नोटा मोजल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मग वरचा ओठ उचलून दाखवला.

"दोन दात बसवायचे आहेत, सर."

मी पाकिटात होतं नव्हतं ते सगळं दिलं. परतीच्या भाड्यापुरतंही ठेवलं नाही. हमरस्त्यावर एका भाजीच्या टेम्पोला हात करून घरी आलो. ते त्या दातांना पुरले की नाही मला माहीत नाही.

पार्कने नंतर आमच्या गटाला तिकिटामागे शंभर परत केले. अर्ज लिहायला मलाच सांगितलं होतं. मी लिहून दिला नाही, दुसऱ्या कोणीतरी लिहिला, आणि माझे, बायकोचे, मुलीचे असे तीनशे आले तेव्हा ते मी त्याच आगगाडीच्या फाटकावर नेऊन त्याला दिले.

ओळखीचे लोक अजून विचारतात, रात्रीचं वेगळं तिकीट काढावं का, परवडतं का. मी सांगतो की दिवसा जा, मधल्या वारी जा, डबा घेऊन जा, आणि पोर पुरे म्हणाली की निघा. ते म्हणतात, पण रात्री नगाला काय पडतं ते तरी सांगा. मी सांगत नाही. मुलगी घरात असते, आणि तिला ऐकू येतं.