सुनंदाताईंना दिसणारं नेटवर्क

सुनंदाताई गेल्याचं त्यांच्या लेकीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी ऑफिसात होते. "झोपेतच गेली आई," ती म्हणाली. महिना उलटला, पण त्यांच्याबद्दल 'होत्या' म्हणताना जीभ अजून अडखळते...

सोलापुरातल्या आमच्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हापासून ही सगळी यंत्रं ताईच सांभाळायच्या. मूळच्या माढ्याच्या, बोलणं ठसठशीत. मधुमेहानं आधी त्यांचा एक डोळा नेला, मग दुसराही. कार्यालयाचे प्रमुख, आमचे साहेब, हळुवारपणेच म्हणाले, "ताई, आता घरी विश्रांती घ्या." ताई म्हणाल्या, "डोळं गेलं साहेब, डोकं हाय की." पण साहेबांच्या मनातून तो विचार गेला नव्हता.

त्याच सुमारास नवे कॉम्प्युटर आले आणि एक विचित्र दुखणं सुरू झालं. नेटवर्कची खिडकी उघडली की ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं दिसायची. त्यातूनच आम्ही एकमेकांच्या फायली घ्यायचो. दुपारी जेवणाच्या वेळी मात्र ती नावंच गायब व्हायची आणि काही वेळानं आपोआप परतायची. बाहेरचा तंत्रज्ञ सकाळी येई, तेव्हा सगळं ठाकठीक. इकडे निकालाचं काम अडलेलं.

ताईंनी मला शेजारी बसवलं. "काय दिसतंय ते नुसतं वाच." मी वाचत गेले, त्या ऐकत राहिल्या. देशमुखकाकांच्या कॉम्प्युटरचं नाव आलं, तशी मला थांबवून त्यांनी विचारलं, "देशमुखकाका जेवायला उठताना काय करतात गं?" काका आमचे रोखपाल. मी म्हटलं, "कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटणच बंद करतात." ताई हसल्या. "मग सापडलं की! अगं, ही यंत्रं आपसांत निवडणूक घेतात. निवडून येईल त्यानं सगळ्यांची नावं सांभाळायची. काकांचा कॉम्प्युटर निवडून येतो, आन काका त्याचा गळाच दाबतात. दुसरा कारभारी ठरेस्तोवर सगळे आंधळे!" तो शब्द त्यांनी किती सहज उच्चारला...

मग कुठली खिडकी उघडायची, कुठल्या ओळीवर थांबायचं, हे त्या माझ्या आधी सांगत गेल्या. जणू स्क्रीन त्यांच्याच पुढ्यात होता. नावं सांभाळायची ती सेवा इतर सगळीकडे बंद केली आणि ताईंच्या खोलीतल्या, कायम चालू असणाऱ्या एकाच कॉम्प्युटरवर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब स्वतः माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. काकांनी बटण बंद केलं. एक त्यांचं नाव सोडलं, तर बाकी सगळी जागच्या जागी! साहेब तडक ताईंच्या खोलीत गेले. म्हणाले, "ताई, उद्या वेळेवर या."

निवृत्तीपर्यंत त्या वेळेवर आल्या. दारापासून खोलीपर्यंत एकट्या, भिंतीला बोटं लावून चालत. परवा ऑफिसात नव्यानं लागलेल्या मुलीनं त्या भिंतीलगत कागदांचा खोका ठेवला. देशमुखकाका उठले, खोका उचलून बाजूला ठेवला आणि हळूच म्हणाले, "हितं नको बाळ... ताईंची वाट हाय ती."