एक जैनब, तीन शाळा

माझ्या एकुलत्या एक मुलीचं नाव मी एकाच वर्षी तीन शाळांत घातलं. हे मी बारा वर्षांनी आज पहिल्यांदा कबूल करतोय. गावाला मात्र ते तेव्हाच, शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी कळलं होतं.

आम्ही बोर्लीचे कोकणी मुसलमान. घरात कोकणी बोलतो, आणि नेमकी तिचीच शाळा नाही! त्यामुळे जैनब सहा वर्षांची झाली तेव्हा घरात निवडणूक लागली.

"पोरीला उर्दूत घाल," अम्मा म्हणाली. "मी मेल्यावर माझी किताबां काय उंदरांनी वाचायची?"

"घालतो."

"इंग्लिशच!" शबाना, म्हणजे आमची बायको. "माझ्या भाईची पोरं दुबईत फाडफाड बोलतात. आपली काय, हाय-न्हाय करत बसणार?"

"बरं."

मग सुधाकर भेटला. माझा वर्गमित्र, आमच्याच जुन्या मराठी शाळेवर मास्तर. "पहिलीचा पट कमी पडतोय रे. एक पोर दे. आपली शाळा हाय ना ती?"

मला गहिवरून आलं. जन्मदाखल्याची तिसरी झेरॉक्स त्याला दिली.

(मी वाईट माणूस नाही हो. 'नाही' म्हणायला गेलो की घशात काटा अडकतो, इतकंच.) वाटलं, जूनपर्यंत कुणीतरी मन बदलेल.

कुणीही बदललं नाही! आणि आमच्याकडे नव्या मुलांना पहिल्या दिवशी घरून वाजतगाजत नेतात, हे मी साफ विसरलो.

शबाना जैनबला टाय बांधत होती. दारात इंग्लिश शाळेची पिवळी व्हॅन. तेवढ्यात डावीकडून ढोल, लेझीम, सुधाकर आणि फुगे बांधलेली बैलगाडी! उजवीकडून उर्दू शाळेच्या बाई, सगळ्यांच्या आपा, मागे पंधरा पोरी, हातात गुलाब. गल्ली इतकी अरुंद की बैलाचं तोंड थेट व्हॅनच्या खिडकीत!

"ये बच्ची हमारी है," आपा म्हणाल्या.

"आमच्या रजिस्टरात नाव हाय!" सुधाकर.

"कुणाचीबी असूं दे, आधी बैल काढा!" व्हॅनवाला.

"अहो!" शबाना ओरडली.

अहो न्हाणीघरात होते. आतून कडी लावून.

अम्माने दारावर काठी आपटली. "बाहेर ये! निकाहच्या दिवशीपण इथंच लपला होतास!" (खरं आहे.)

मग एक बारीक टकटक. "अब्बा, मी बैलगाडीत बसू?"

"बस," मी आतून म्हणालो. सवयच!

अशी आमची जैनब गळ्यात इंग्लिश शाळेचा टाय, हातात उर्दू शाळेचा गुलाब घेऊन मराठी शाळेत निघाली. मागून व्हॅनही गेली, कारण बैलगाडीला ओलांडायला जागाच नव्हती. आपा मात्र पोरी आणि उरलेले गुलाब घेऊन परतल्या. ते अजून टोचतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो, दोन ग्लास सरबत प्यायलो, आणि माफी न मागताच परत आलो.

जैनब मराठीतच शिकली. उर्दू अम्माने रोज संध्याकाळी शिकवली, इंग्रजी ती दुबईच्या मामेभावंडांशी फोनवर भांडून शिकली. आता अलिबागला कॉलेजात आहे. परवा विचारलं, "ईदनंतर चार दिवस जास्त राहशील ना?"

"नाही अब्बा, परीक्षा आहे."

किती सहज म्हणाली! हे ती तिन्हींपैकी कुठल्या शाळेत शिकली, ते शोधतोय. तिथला पट अजून कमी असेल, तर एक नाव आहे. वय पंचावन्न.