चौथ्या रिंगपर्यंत

आमच्या कंपनीत पाच माणसं होती आणि ऑफिस नव्हतं. मालक पुण्यात, दोघे नाशिकला, एक बंगळूरला आणि मी सुरतेत, नवागामला, घरमालकीण मासींच्या पुढच्या खोलीत. आई, वडील आणि मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. पण अख्ख्या गल्लीत फोन फक्त मासींकडे होता आणि फोनशिवाय माझं काम चालणारं नव्हतं. तालुक्याच्या मराठी शाळेतून येऊन पदवी घेतलेला घरातला मी पहिला. वडील लूम्सच्या कारखान्यात. "पोरगा इंजिनिअर झाला" हे ते तिथे छाती काढून सांगत. "कुठे जातो कामाला?" असं कोणी विचारलं, की मात्र पंचाईत व्हायची. मी जिना उतरून कामाला जायचो.

काम असं: व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर फोन लावणार, माझा कॉम्प्युटर तो उचलणार, गोदामात कुठला माल किती शिल्लक आहे ते शोधून सांगणार. पडद्यावरची बटणं आणि रंग नाशिकचे दोघे करत. शोधून उत्तर देणारा, कोणाला न दिसणारा भाग माझा. फोन उचलायला मोडेम नावाचं एक डबडं तारेला जोडलं होतं.

पहिल्या चाचणीला डबड्याच्या आधी मासींनी फोन उचलला. पलीकडून नुसतं टूं... टूं...

"कोण छे? शिट्टी मारतो? घरमां मा-बेन नथी के?"

पाच मिनिटांनी मालकांचा फोन. "अरे, तुझ्या कॉम्प्युटरने मला शिव्या दिल्या!"

हसलो खरे, पण गुरुवारी अकरा वाजता पुण्यातल्या एका मोठ्या व्यापाऱ्यासमोर हेच करून दाखवायचं होतं. आमचं पहिलं गिऱ्हाईक. मालकांनी स्पष्टच सांगितलं होतं, "हे नाही जमलं, तर आपण पाचही जण दुसरीकडे अर्ज करू."

आणि नेमक्या बुधवारी मासींच्या लेकीला बडोद्याला दवाखान्यात नेलं. दुसरं बाळंतपण, म्हणून ती सासरीच होती. गुरुवारी सकाळी मी खाली आलो, तेव्हा मासी फोनशेजारी साडीला टिकल्या चिकटवत बसल्या होत्या. ते त्यांचं घरबसल्या मजुरीचं रोजचं काम; पण रोज त्या ओट्यावर बसायच्या.

"मासी, अकराला फोन वाजला तर उचलू नका."

"ने माझ्या दीकरीचा असला तर?"

त्यांनी खोली दिली, फोन दिला, वरून दोन वेळचा चहा. एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही. त्यांना कुठल्या तोंडाने अडवणार?

वडील पाळी संपवून जिन्यावर दात घासत होते. तिथूनच म्हणाले, "गावी पोचलो की आपण काय करतो?"

दोन रिंग देऊन ठेवून द्यायचो. पोचलो, एवढं मासींना कळायचं आणि त्या वर हाक मारून आईला सांगायच्या. आमच्या गल्लीत प्रत्येकाची अशी खूण होती.

मी डबड्याला चौथ्या रिंगला उचलायला सांगितलं. नऊला जावयाचा फोन आला तेव्हा मासींनी बजावलं, "बधू सारू, सगळं ठीक असेल तर दोन रिंग ने कट." वाईटाची खूण त्यांनी ठरवूच दिली नाही.

अकराला दहा कमी असताना फोन वाजला. एक. दोन. मासी, वडील आणि मी, तिघंही मोजत होतो. बंद झाला. मासींनी देवाला हात जोडले आणि पदराने डोळे पुसले.

अकराला पुन्हा वाजला. तिसऱ्या रिंगला मासींचा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवला. चौथी. डबड्याने शीळ घातली, दिवे लुकलुकले. लागला!

तेवढ्यात मासी म्हणाल्या, "अरे, पण मुलगा के मुलगी?"

ते ठरवायचं राहूनच गेलं होतं आणि लाइन आता पुण्याची होती. व्यापारी खूश असावा, कारण थांबेना. दहा मिनिटं, वीस मिनिटं.

"काय विचारतो एवढं?"

"कुठल्या मालाच्या किती पेट्या शिल्लक, ते."

"त्याला सांग, आमच्याकडे पण एक नग आलाय. कुठला, ते कळू दे!"

रिसीव्हर उचलला असता तर सगळं तुटलं असतं. मासींना ते ठाऊक होतं. त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही; फक्त त्या दिवशी अर्ध्या टिकल्या वाकड्या चिकटल्या.

अकरा चाळीसला दिवे विझले आणि लगेच घंटी. अर्धा तास फोन लावून वैतागलेला जावई. मुलगी! मग तासभर मासी नवसारीपासून पलसाण्यापर्यंत एकेका नातेवाइकाला कळवत बसल्या. त्यांना घाई करायची माझी छाती झाली नाही. पुण्यात काय झालं, ते कळायचंच होतं.

एकच्या सुमाराला मालकांचा फोन लागला. "घेतलं त्यांनी! पण तुझी लाइन तासभर बिझी. काय झालं?"

आनंदाच्या भरात मी म्हणालो, "मुलगी झाली!"

"अरे, तुझं लग्न कधी झालं?"