मेनवरचा शर्ट

"मी येईपर्यंत शर्ट काढू नको," एवढं सांगून हे गेले. बोर्डवरची बटणं ठिणग्या टाकायला लागली होती, म्हणून यांनी सकाळीच मेन बंद केला, तिन्ही बटणं आणि प्लग काढून टोपलीत टाकला, मेनच्या दांडीवर आपला जुना निळा शर्ट अडकवला आणि नवीन सामान आणायला शहापूरला गेले. दुपारी शेजारच्या सुमनच्या फोनवर निरोप आला. दुकानातच छातीत कळ आली, खाली बसले ते उठलेच नाहीत. मी सुमनला विचारलं, "बटणं मिळाली का त्यांना?" असं का विचारलं, मला अजून कळत नाही.

संध्याकाळी यांना घरी आणलं तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. अंधारायला लागलं तसं कुणीतरी म्हणालं, "लाइट लावा रे," आणि एकाने मेनवरच्या शर्टाला हात घातला. खाली भिंतीतून उघड्या वायरी लोंबत होत्या आणि त्यांना टेकून बायका बसल्या होत्या. मी ओरडले. चार पुरुषांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्याने हात मागे घेतला. मोबाइलच्या उजेडातच यांना नेलं...

हे वायरमन होते. डोळखांबच्या पाड्यांपासून वाशिंदच्या नव्या घरांपर्यंत यांनी वायरिंग केलं. लोकांच्या घरी तांबडी, काळी, हिरवी वायर नीट वेगळी ओढायचे. स्वतःच्या घरी मात्र उरलेल्या बंडलातली एकच काळी. "आपल्या घराचं मला ठाव आहे ना," म्हणायचे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हे घर बांधलं, तेव्हा भिंतीत वायरींच्या नळ्या यांनी बसवल्या आणि त्यांवर गिलावा मी लिंपला. तपासायच्या वेळी मेनजवळ मला उभं केलं. यांच्याकडे होल्डरला दोन लांब वायरी जोडलेला एक पिवळा बल्ब असायचा. त्याची एक वायर करंटच्या वायरीला, दुसरी अनोळखी वायरीला. मग मी मेन लावायची. "बल्ब भक्कन पेटला तर ती परतीची, न्यूट्रल वायर," हे सांगायचे. "नाय पेटला, तर घरात काय लागलं ते बघायचं. कळलं का गो?" मी मान डोलवायची. कळलं होतं, पण भीती जायची नाही. माझा हात चुकला तर माणूस जाईल, एवढंच डोक्यात असायचं. म्हणून तर यांनी शर्टाची सवय लावली. शर्ट मेनवर असला की हात वायरीत आहे असं समजायचं.

तेराव्याच्या आधी घर धुतलं. बोर्डाच्या खड्ड्यातल्या वायरींना मळक्या चिंध्या बांधलेल्या होत्या. मेन बंदच होता. मी त्या ओढून काढल्या आणि केरात टाकल्या. सासूबाईंनी संध्याकाळी भिंत चाचपली आणि म्हणाल्या, "चिंध्या कुठं गेल्या गो? भाताच्या बियाण्याच्या पोत्याला मी मारते तशा गाठी मारून ठेवल्यावत्या त्यानं. एक गाठ कोलमची, दोन झिणीची... तसं." केर जाळून झाला होता. मी त्यांच्या पायाशी बसून राहिले.

तेरावं झाल्यावर शहापूरचा एक वायरमन आला. पाच काळ्या वायरी बघून त्याने डोकं हलवलं. "मावशी, कुठली कुठं जाते, काय सांगावं? भिंती फोडून सगळं नवीन ओढावं लागंल. सोमवारी येतो छिन्नी घेऊन." तो गेला आणि मी भिंतीवरून हात फिरवला. यांच्या नळ्या, माझा गिलावा. सोमवारी सगळं खाली येणार.

शनिवारी दुपारी मी यांची पिशवी उघडली. बल्ब कापडात गुंडाळलेला होता. यांच्या रबरी चपला घातल्या, लाकडी पाट घेतला. वायरींची टोकं एकमेकींपासून लांब केली. मग शर्टापाशी गेले. 'मी येईपर्यंत' म्हणाले होते... मी शर्ट काढला. मेन लावला आणि टेस्टर एकेका वायरीला टेकवला. तिसरीला त्यातला दिवा लागला. मेन बंद, शर्ट परत वर. त्या वायरीला बल्बची एक वायर पिळली, दुसरी शेजारच्या वायरीला, वर चिकटपट्टी. शर्ट काढला, मेन लावला. बल्ब काळाच. आतून सासूबाई ओरडल्या, "चुलीवरचा दिवा लागला गो!" मेन बंद केला, शर्ट अडकवला आणि जुन्या लुगड्याची चिंधी फाडून एक गाठ मारली. पुढच्या वायरीला पंखा रडतखडत फिरला. दोन गाठी. त्यापुढच्या वेळी बल्ब भक्कन पेटला आणि मी किंचाळून दांडी खाली ओढली. सासूबाई धावत आल्या. "काय झालं?"

"काय नाय," मी म्हटलं. "परतीची हाय." चार गाठी. राहिलेल्या वायरीला बाहेरच्या खोलीचा दिवा लागला, तिला तीन गाठी. करंटच्या वायरीला लाल चिंधी. मग मी भिंतीला टेकून बसले.

सोमवारी वायरमनने छिन्नी खाली ठेवली. "कुणी बांधल्या गाठी?"

"माझ्या सुनंनी," सासूबाई म्हणाल्या.

तो वायरीला हात घालणार तेवढ्यात मी मेन बघितला, बंद होता. दांडीवर शर्ट अडकवला आणि तिथेच उभी राहिले. तो हसला. "मावशी, बसा की. कोण लावतंय आता मेन?" मी हलले नाही.

आता बटणं नवीन आहेत. शर्ट मेनच्या शेजारी खिळ्यावर असतो, मी तो धुतलेला नाही. साधा बल्ब बदलायचा असला तरी आधी मेन बंद करून त्यावर शर्ट अडकवते. मग भीती असली तरी हात पुढे जातो.