पाखऱ्याच्या शिट्टीसाठी चार दात

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, जन्मात कुणाचा चेहरा म्हणून पाहिलेला नाही, ते थेट दात पाहतात. त्यांची उभी हयात बेल्ह्याच्या बैलबाजारात गेली. आमच्या वारूळवाडीत कुणाला बैल घ्यायचा असला की आधी आप्पांना गाडीत घालायचे. आप्पा बैलाचा जबडा उघडणार, आत नजर टाकणार आणि वय सांगणार. ही खोड पुढे माणसांवरही आली. मला बघायला आले तेव्हा शिक्षण नाही, स्वयंपाक नाही, काही म्हणून विचारलं नाही. "हस बरं पोरी," एवढंच म्हणाले. मी हसले, तर मुलाकडे वळून म्हणतात कसे, "सहा दाती हाय, भर जवान. घे!" माझी आई महिनाभर धुमसत होती. राग मलाही आला होता, पण नवरा आवडला होता, करता काय!

अशा या माणसाचे वरचे पुढचे चार दात गेले, आणि तेही दात बघतानाच. पाखऱ्या हा आमचा म्हातारा बैल. ऐन उमेदीत बैलगाडा शर्यतीचे घाट गाजवलेला, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्याचं वय आप्पांना तोंडपाठ, तरी अधूनमधून जबडा उघडून बघायची हौस फिटत नव्हती. एकदा माशी बसली, पाखऱ्यानं मान झटकली आणि शिंगाच्या फटक्यानं आप्पांचे चार दात गोठ्यात. मी हळद घेऊन धावले, तर हे टॉवेल तोंडाला लावून बैलाचंच वकीलपत्र घेतायत, "त्याला दिसत न्हाई गं. मीच मधी आलो." डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणे, "बैलाला वरचे पुढचे दात नसतातच. पाखऱ्याचं काय अडलंय?" खरंच नसतात हो. या घरात येईपर्यंत मला कुठं ठाऊक होतं!

अडलं ते संध्याकाळी. पाखऱ्याला दिसत नसल्यामुळे तो आप्पांच्या शिट्टीच्या रोखानं चालत हौदावर पाणी प्यायला यायचा. दातांना जीभ लावून वाजवलेली ती शिट्टी ओढ्यापलीकडे ऐकू जायची. त्या दिवशी मात्र आप्पांच्या तोंडातून नुसता वारा बाहेर आला. मी बादली नेऊन पुढ्यात ठेवली, मोबाइलवर शिट्टी लावली, माझ्या नवऱ्यानं तोंडानं वाजवून बघितली. पाखऱ्यानं बादलीला तोंड लावलं नाही. रात्री उशिरा कसंबसं दोन घोट प्यायला. सकाळी आप्पा न सांगता माझ्या स्कूटीवर मागे जाऊन बसले.

मंचरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तीन मार्ग सांगितले. काढता-घालता येणारी कवळी, शेजारचे दात घासून त्यांवर बसवायचा ब्रिज, नाहीतर थेट हाडात स्क्रू रोवून पक्के दात. आप्पांनी आधी बाईंचेच दात न्याहाळले, मग म्हणाले, "तिन्ही माल आदी चालवून दावा." बाई बिचाऱ्या माझ्याकडे बघायला लागल्या. बाजारात बैल चालवून बघितल्याशिवाय घेत नाहीत, एवढंच मी त्यांना समजावलं.

मग काय, तोंडं तपासायला आमची वरात निघाली! आप्पांच्या खिशात फुटाणे. ओझरला एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांची कवळी. त्यांनी फुटाणे कौतुकानं चावून दाखवले. "आता शिट्टी मारा," आप्पा म्हणाले. गुरुजींनी छाती भरून श्वास घेतला आणि कवळी थेट माझ्या चहात! आप्पा गंभीरपणे म्हणाले, "ह्यो बैल दावं तोडतोय." नारायणगावात कापडदुकानवाले शेठ, त्यांचा ब्रिज. मारवाडातून आलेल्या घराण्यातला अत्यंत मर्यादशील माणूस. "आप्पा, दुकानात बायामाणसं आहेत हो," असं ते काकुळतीनं सांगत होते, पण आप्पा हटेनात. शेवटी शेठनी डोळे मिटून शिट्टी मारली आणि नेमक्या त्यांच्या विहीणबाई दारातून आत आल्या. अजून मी त्या दुकानात जात नाही. ब्रिज मात्र आप्पांनी बाद केला, "एका बैलापायी शेजारचे दोन चांगले बैल तासायचे व्हय?" महाळुंगे पडवळच्या टोमॅटोवाल्या बागायतदाराचे दात मात्र स्क्रूचे. त्यांनी अशी सणसणीत वाजवली की रस्त्यावरचा टेम्पो थांबला. "लई भारी!" आप्पा म्हणाले, "ह्योच घ्यायचा."

ठरलं. पण हाडात स्क्रू मुरायला पाच-सहा महिने लागतील, दात त्यानंतर, असं बाईंनी सांगितलं. जिन्यावर आप्पा माझा हात धरून म्हणाले, "पोरी, पाखऱ्या तेवढा थांबायचा न्हाई." आम्ही तसेच माघारी वर गेलो आणि दावं तोडणाऱ्या बैलाचंच, म्हणजे कवळीचं, माप देऊन आलो.

कवळी आली त्या संध्याकाळी आप्पा हौदाशी उभे राहिले. ती उडू नये म्हणून अंगठ्यानं दाबून धरली आणि फुंकर घातली. कसली शिट्टी, प्रेशर कुकर बरा! मी पदरात तोंड लपवून हसत होते. तेवढ्यात गोठ्यात पाखऱ्याचे कान उभे राहिले. एकेक पाय चाचपत तो आला आणि हौदात तोंड घालून घटाघटा प्यायला. आप्पांनी अंगठा काढलाच नाही. डोळ्यांतलं पाणी गालावरून त्या अंगठ्यावर आलं, तरी तसेच उभे.

थंडीत पाखऱ्या गेला. मध्यंतरी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, आता निवांत स्क्रू बसवू या म्हणाल्या. आप्पा म्हणाले, "आता कुनाला शिट्टी मारायची?" मी चिडून म्हटलं, "मग त्या सैल कवळीपायी तुमची भाकरी मी जन्मभर दुधात कुस्करत बसू का?" तर हसले, कवळीचे चार दात दाखवून.

अजूनही दिवस कलला की आप्पा हौदाशी जातात, अंगठा लावतात आणि एकदा वाजवतात. त्या वेळी माझी वाटणाची घाई असते. पण त्यांची शिट्टी होईपर्यंत मी मिक्सर लावत नाही.