पट्टीपाशी थांबलेले कोळी

“साहेब, तुमची माणसं मधेच का थांबतायत?”

दौंडच्या एका सभागृहात दुपारची रंगीत तालीम चालली होती. विचारणाऱ्या कुलकर्णीबाई नृत्यस्पर्धेच्या संयोजक. स्टेजवर आमच्या कारखान्यातले आठ कामगार कोळी होऊन उभे होते. डोक्यावर लाल टोप्या, हातात प्लायवूडची वल्ही. कॅसेट वाजत होती, आणि आठही जण नाचता नाचता थांबून आधी उजवीकडं, मग डावीकडं बघत होते.

कारण मला कळलं होतं. सांगायला जड जात होतं, इतकंच.

मी शिरूर तालुक्यातल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. अपघात होऊ नये म्हणून सगळ्यांना सतत टोकत राहणं हे माझं काम. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. कारखान्याच्या फ्लोअरवर दोन पिवळ्या पट्ट्या रंगवलेल्या असतात. त्यांच्या मधली वाट चालणाऱ्यांची. तिला गँगवे म्हणतात. पट्टीबाहेर फोर्कलिफ्ट फिरते, म्हणजे माल उचलून नेणारी गाडी. पट्टी ओलांडायची तर आधी थांबायचं, उजवीकडं बघायचं, डावीकडं बघायचं, मगच पाऊल टाकायचं. दर सोमवारी सकाळी मी हे सगळ्यांकडून करून घ्यायचो.

स्पर्धा मदतीसाठी होती. तिकिटांच्या पैशातून कृत्रिम पाय बसवण्याचं शिबिर भरणार होतं. आमचा संघ उभा केला रज्जाकभाईंनी. ते दौंडचे, आमच्याकडं फोर्कलिफ्ट चालवायचे. यंदा ते गेले. त्यांच्या घरी बसून आल्यापासून हे लिहीन म्हणतो आहे. आज चार ओळी, उद्या चार, असं चाललं आहे.

त्यांनी संघात दत्तूला घेतलं होतं. दत्तू न्हावऱ्याचा, प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रे दाबून आकार देणाऱ्या मशीनवरचा, ऑपरेटर. कासुर्डीजवळ हायवेवर त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय बसवून बऱ्याच महिन्यांनी तो कामावर आला. डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट त्याच्याकडं होतं. पण आमचे मॅनेजर सामंत साहेब तयार होईनात.

“उद्या प्रेसपाशी याचा तोल गेला तर?” त्यांनी मला विचारलं. “मशीनवर घ्यायच्या कागदावर तुम्ही सही करताय का?”

मी सर्टिफिकेट पुन्हा एकदा वाचलं. खरंच, मलाही खात्री नव्हती.

“मग त्याला गेटवरच्या सिक्युरिटी केबिनमध्ये बसवा.”

केबिनमध्ये बसवलेला ऑपरेटर पुन्हा मशीनवर आलेला मी पाहिला नव्हता. दत्तूलाही हे ठाऊक होतं. तो नुसता टोपी काढून उभा होता. बोलले ते रज्जाकभाई.

“साहेब, दत्तू आमच्यात नाचणार हाय. तुम्ही बघाया या, मंग ठरवा.”

“नाचणार?”

“व्हय. नवा पाय हाय, चालवून बघाया नको?”

सामंत साहेब हसले नाहीत. “येतो मी. स्टेजवर पडला, तर केबिन. मग मला कुणी विचारायचं नाही.”

सरावाला लोडिंगजवळचा गँगवे मिळाला. शिफ्ट सुटल्यावर, आणि पट्टीच्या आतच, ही अट माझी. त्यामुळं नाच लांबट आणि अरुंद झाला. चौघांच्या दोन रांगा वल्ही मारत पुढं जायच्या, मागं यायच्या. समुद्र त्यांच्यातल्या एकानंही पाहिला नव्हता. “घोडनदीलाच पाणी कवा असतं, तर समुद्र बघावा!” असं दत्तू म्हणायचा. नव्या पायाखाली त्याला जमीन कळत नसे. पिवळ्या पट्टीच्या अंदाजानं तो पाऊल टाकायचा, आणि ते बरोबर पडायचं.

दौंडला तालमीच्या सुरुवातीला स्टेजवर पट्टी नव्हती. आठही जण मधोमध दाटीवाटीनं नाचू लागले.

“अहो, एवढं मोठं स्टेज आहे आणि तुम्ही एसटीत उभं राहिल्यासारखे काय नाचताय? पसरा!” कुलकर्णीबाई म्हणाल्या.

ते पसरले, आणि दत्तूचा अंदाज चुकला. तो कलंडला. रज्जाकभाईंनी दंड धरला म्हणून वाचला. दत्तूचा चेहरा उतरला.

माझ्या बॅगेत फ्लोअरवर चिकटवायची पिवळी टेप कायम असायची. मी स्टेजवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन पट्ट्या मारल्या, दोन्ही रांगांसाठी एकेक. दत्तूचं पाऊल लगेच जागेवर पडू लागलं. मी निश्चिंत होऊन खुर्चीत बसतो न बसतो, तोच गाण्यात पुढची रांग मागं आणि मागची पुढं जायची वेळ आली. पट्टी ओलांडायची होती. आठही जण थांबले. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं आणि मग ओलांडली.

हे सगळं मी कुलकर्णीबाईंना सांगितलं. “पट्ट्या काढतो,” म्हणून उठलोही.

“साहेब, नका काढू,” दत्तू म्हणाला. “थांबल्यावर मला खाली बघाया मिळतं. पाय कुठं हाय ते कळतं. मंग भ्या वाटत न्हाई.”

“पण हे कोळीनृत्य आहे!” कुलकर्णीबाई म्हणाल्या.

“बाई, समुद्रावर बी ट्रॅफिक असंल की,” रज्जाकभाई म्हणाले.

बाईंना हसू आवरलं नाही. थांबणं ठेवायचं ठरलं. फक्त ते ढोलकीच्या ठेक्यात बसवून घेतलं.

संध्याकाळी सामंत साहेब पहिल्या रांगेत बसले होते. नाच सुरू झाला. दोन्ही रांगा पट्टीपाशी आल्या. थांबल्या. आठ टोप्या उजवीकडं वळल्या, मग डावीकडं. मग मागं बसलेल्या आमच्या लोकांना उलगडा झाला आणि एकच हशा उसळला.

“रज्जाकभाई, हॉर्न वाजवा!” कुणीतरी ओरडलं.

दत्तूनं खाली बघितलं. पाऊल उचललं. पट्टी ओलांडली. शेवटच्या गिरकीत त्याच्या वल्ह्यानं रज्जाकभाईंची टोपी उडवली, पण तो उभा राहिला. गाणं संपलं तेव्हा माझ्या हातातला टेपचा रोल दाबून पार चपटा झाला होता.

बक्षीस एका महिला मंडळाला मिळालं, आणि ते योग्यच होतं. सामंत साहेब स्टेजमागं आले.

“हे थांबून बघायचं कुणी बसवलं?”

“मीच, सर. दर सोमवारी.”

त्यांनी दत्तूकडं पाहिलं. तो बाकावर बसून, पाय सैल करून, चहा पीत होता.

“मग सही करायला तुमची काय अडचण आहे?”

काहीच नव्हती. सोमवारी सकाळी मी सही केली. दत्तू प्रेस शॉपकडं निघाला. पट्टीपाशी थांबला, उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, आणि आत गेला.

रज्जाकभाईंच्या घरी यंदा तो भेटला. अजून प्रेसवरच आहे. बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडताना आम्ही दोघंही थांबलो, आणि मग एकमेकांकडं बघून, अशा दिवशीही, थोडं हसलो.

सेफ्टी ट्रेनिंगचा खरंच उपयोग होतो का, असं नवीन पोरं मला विचारायची. होतो, मी सांगायचो. फक्त कुठं होईल, ते आधी सांगता येत नाही.