पकडबंदी

मी मारामारीच्या खेळात चांगली होते, हे आधीच सांगून टाकते. आता सत्तरी ओलांडली आहे, गुडघे गेले आहेत, म्हणून ऐकणारे आधी माझ्याकडे बघतात आणि मग एकमेकांकडे. बघोत. इंदूरच्या मिल एरियात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथे मशीनच्या पडद्यावर दोन जण एकमेकांना लाथाबुक्क्या घालायचे, आणि त्यातला एक बऱ्याचदा माझ्या हातात असायचा.

दुकान हौसेने काढलं नव्हतं. आम्ही नवराबायको दोघंही मिलमध्ये होतो. तो साच्यावर कापड विणायचा, मी वाइंडिंग खात्यात सूत बॉबिनीवर भरायचे. मिलला कुलूप लागलं. त्यानंतरही नवरा रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जायचा, इतरांबरोबर बसायचा, दुपारी डबा खाऊन परत यायचा. मी एकदाच गेले. कुलूप बघितलं आणि घरी आले. तेच कुलूप रोज काय बघायचं?

मग एक मशीनवाला भेटला. स्कूटरवर फिरून दुकानादुकानात मशीन ठेवायचा, कमाईत अर्धा हिस्सा घ्यायचा. आमची खोली रस्त्याला लागून होती. मी म्हटलं, ठेव.

आलं ते मारामारीचं मशीन. दोन दांड्या, खाली बटणं, समोर दोन स्टुलं. खेळायला येत ते सगळे मिलचेच होते, विशीतले, तिशीतले, हाताला काम नसलेले. वेळ भरपूर आणि टोकन एक, त्यामुळे खेळ असा शिकले की विचारू नका. जिंकेल तो बसून राहणार, हरेल तो उठणार. नंबर लावायला त्यांनी मिलच्या रिकाम्या बॉबिनी आणल्या होत्या. प्रत्येकाच्या बॉबिनीवर आपली खूण, कोणाची लाल सुतळी, कोणाचं खिळ्याने कोरलेलं फूल. आला की मशीनच्या माथ्यावर रांगेत बॉबिन ठेवायची. दुसऱ्याच्या बॉबिनीला हात लावायचा नाही. हे कोणी कोणाला शिकवलं नाही.

एकटं गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर बसायला कोणी नसायचं. म्हणून मी बसायला लागले. पडद्यावर एक बाई होती, निळ्या पट्ट्याची, हलकी आणि चपळ. मी तिलाच घ्यायचे. आधी हरले, मग कमी हरले, मग लोक माझ्यासमोर बसायला कां-कू करायला लागले.

नवऱ्याला ते आवडत नव्हतं. "घरची बाई स्टुलावर बसून मारामारी करते," तो म्हणाला. "लोक हसतात."

"हसू दे. हसायला दुकानात यावं लागतं."

एक नियम मात्र मी केला होता. त्या खेळात समोरच्याच्या अगदी जवळ जाऊन त्याला पकडता यायचं आणि उचलून आपटता यायचं. त्याला तोड नव्हती. पकडलं की गेला. पहिल्याच महिन्यात यावरून खरी मारामारी झाली, एकाचा दात माझ्या उंबऱ्यावर पडला. मी पुठ्ठ्यावर कोळशाने लिहिलं, पकड बंद, आणि मशीनच्या वर टांगलं. चौथीपर्यंत शिकले आहे, एवढं येतं. जो पकडेल त्याने उठायचं. सगळ्यांना ते पटलं. पुढे त्याचा त्यांना गर्वच झाला. आपल्या इथे इज्जतीचा खेळ असतो, असं बाहेर सांगायचे.

दुसऱ्या वर्षी त्याच खेळाचा नवा भाग आला. मशीनवाल्याने मागचं झाकण उघडून जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं आणि म्हणाला, "बाईजी, एक महिना ठेवतो. राजेंद्र नगरच्या दुकानवाल्याकडे हाच गेम केव्हाचा आहे, रांग लागते. तो दुसरं मशीन मागतोय. तुमच्याकडे पब्लिक नाही दिसली तर हे उचलून त्याला देईन."

"मशीनसकट?"

"मशीनसकट."

म्हणजे दुकानच. खोलीत दुसरं होतं काय?

नवा भाग पहिल्या दिवशी सगळ्यांना शिव्या देण्यासारखा वाटला. जुने डाव चालेनात. कोपऱ्यात दबा धरून खालून लाथ मारायची, हा आमच्या इथला हुकमी डाव होता. आता लाथ मारली की पाय परत यायला उशीर व्हायचा आणि तेवढ्यात समोरचा तोंड फोडायचा. माझी निळ्या पट्ट्याची बाई जड झाली होती, म्हशीसारखी उडी मारायची. पडद्यावरच्या ज्या ढेरपोट्या पैलवानाला कोणी विचारत नव्हतं तो एकदम राजा झाला.

"बकवास है भिया," एक जण म्हणाला. "जुनाच बरा होता. काकी, त्याला सांगा जुना लावायला."

"मिलवाल्यांना पण सांगितलं होतं ना, जुनंच चालू द्या म्हणून?" मी म्हटलं. "ऐकलं का त्यांनी?"

परत स्टुलांवर बसले आणि खेळायला लागले.

त्यांच्यात एक सगळ्यात तयार होता. मिलमध्ये तो बदली कामगार होता, कोणी गैरहजर असेल तरच त्याला काम मिळायचं, म्हणून सगळे त्याला बदलीच म्हणायचे. त्याने खडू आणला आणि दुकानाच्या शटरवर आतून लिहायला सुरुवात केली. दांडी कुठे वळवायची त्याचे बाण, पुढे बटणाचा गोल. ज्याला नवं काही सापडेल त्याने शटरवर काढायचं, लपवायचं नाही, असं ठरलं. आठवडाभरात शटर भरलं. मी तिथूनच शिकले. बाण वाचायला चौथीसुद्धा लागत नाही. मी माझी जड झालेली बाई सोडली नाही. तिची उडी विसरले, तिला जमिनीवरच लढायला शिकवलं.

दोन आठवड्यांत आम्हाला वाटलं, जमला. बदली आणि चौघे टेम्पोत बसून राजेंद्र नगरला गेले, तिथल्या लोकांना हरवायला.

संध्याकाळी परत आले तेव्हा कोणी दुकानात शिरेना. बाहेरच उभे.

"काय झालं?"

"बेईमान आहेत साले," बदली म्हणाला. "पकडतात."

"सगळे?"

"सगळे. एक चष्मेवाला आहे, कॉलेजचा पोरगा. बाप पुण्याहून आलाय, पीथमपूरच्या नव्या कारखान्यात साहेब आहे. तो तर दुसरं काही करतच नाही. जवळ येतो, पकडतो, आपटतो. मी म्हटलं, पकड बंद. तर हसला."

"मग तू पकडलंस का?"

"मी कसा पकडणार, काकी? आपला नियम आहे."

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक कमी झालं. जे जुने होते त्यांना लाज वाटत होती. नवे सरळ राजेंद्र नगरला जायचे. कोणी तरी म्हणालं, मिलवाल्या काकीकडे अर्धाच खेळ शिकवतात. मशीनच्या माथ्यावर दोन बॉबिनी, कधी एक. महिना संपायला दहाबारा दिवस राहिले होते.

बदली येऊन बसायचा आणि तेच तेच बोलायचा. आपण इज्जतीने खेळलो, ते बेइज्जतीने जिंकले. मला हे बोलणं ओळखीचं होतं. गेटवर बसलेले नवऱ्याचे दोस्त असंच बोलायचे. आपण नियमाने काम केलं, असं आपल्याबरोबर होऊच शकत नाही. इज्जत शाबूत होती, कुलूपही शाबूत होतं.

"मशीन पकडू देतं का?" मी विचारलं.

"देतं."

"मग बेईमानी कसली? नियम माझा होता, मशीनचा नव्हता."

मी स्टुलावर चढले आणि पुठ्ठा काढून चुलीत घातला. बदलीचं तोंड बघण्यासारखं झालं. जसा काही मी त्याच्या बापाचा फोटोच जाळला.

"आता बस. मला पकड."

"काकी, तुम्हाला कसं पकडू?"

"मला नाही, मेल्या, पडद्यावरच्या बाईला."

त्याने पकडलं. आपटलं. मी उठले, त्याने परत आपटलं. त्या दुपारी माझी निळ्या पट्ट्याची बाई जमिनीवर जितकी होती तितकी पायावर नव्हती. नवरा दारातल्या खाटेवरून बघत होता. म्हणाला, "कशाला मार खातेस?" मी दांडी सोडली नाही.

मग असं झालं. मी वैतागून, तो पकडायला आला त्याच क्षणी मीही त्याला पकडायला गेले. पडद्यावर ठिणगी उडाली, खाट् असा आवाज झाला, आणि दोघं एकमेकांपासून दूर फेकले गेले. कोणी पडलं नाही.

आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. बदलीचा हात सवयीने चालला आणि त्याच्या ढेरपोट्याने मला आयतं चोपलं, कारण दांडी सोडून मी बघत बसले होते.

"सुटते," बदली हळूच म्हणाला. "काकी, पकड सुटते."

नव्या भागात पकडीला तोड दिली होती. राजेंद्र नगरला ती अजून कोणाला सापडली नव्हती, कारण तिथे जो आधी पकडेल तो जिंकायचा, पुढचं कोणी बघायचं नाही. आणि आम्हाला सापडणार कशी? आमच्या इथे कोणी कोणाला पकडतच नव्हतं. सगळं शटर बाणांनी भरलं, पण हीच एक जागा कोरी राहिली, आणि ती माझ्या पुठ्ठ्यामुळे. चूक माझी होती. मी तसं सगळ्यांसमोर सांगितलं.

तोड कळली, पण ती जमत नव्हती. पकड दिसल्यावर बटण दाबलं तर उशीर व्हायचा. बदली डोळे फाडून बघायचा आणि आपटला जायचा. मला लवकर जमलं, कारण मी बघत नव्हते. वाइंडिंगला धागा तुटायच्या आधी बोटाखालचा ताण बदलतो. तुटलेला दिसेपर्यंत थांबलं तर तोपर्यंत बॉबिन वायाच जाते. समोरचा पकडायला येतो तेव्हा तो आधी एक पाऊल अलीकडे थबकतो. तो ताण ओळखायचा. हे मी बदलीला चार दिवस शिकवलं. खडूने लिहिता येत नव्हतं, म्हणून पकडून पकडून शिकवलं.

मग मी टेम्पोत बसून राजेंद्र नगरला गेले. बदली बरोबर होता. मी आपली भर दुपारी, साडी नेसून, हातात पिशवी घेऊन. दुकानात कॉलेजची पोरं दाटली होती. चष्मेवाला स्टुलावर बसला होता. त्याने वळून बघितलं.

"काकू, मुलाला शोधायला आलात का?"

"मुलाला नाही. तुला."

सगळे हसले. तोही हसला. "तुमचं मराठी फार गोड आहे हो. अर्धं हिंदी, अर्धं मराठी."

"आणि तुझं एकदम पुस्तकी. चल, सरक. टोकन डाल."

त्याने ढेरपोट्या घेतला, मी माझी बाई. तो जवळ आला आणि त्याने पकडलं. खाट्. सुटले. त्याला वाटलं काही तरी चुकलं. परत पकडलं. खाट्. मागची पोरं पुढे सरकली. तिसऱ्यांदा सुटले तेव्हा एक जण ओरडला, "अरे, ये क्या कर रही हैं आंटी?"

"पोहे करतेय," मी म्हटलं. "दिसत नाही?"

मी हरले, ते सरळ सांगते. पोरगा हुशार होता, पकड चालेना तेव्हा लाथांवर आला आणि शेवटच्या फेरीत त्याने मला पाडलं. पण तिन्ही फेऱ्यांत त्याला मला एकदाही आपटता आलं नाही. मी उठले आणि स्टूल बदलीला दिलं. बदली त्याच्याशी पहिली फेरी जिंकला, दुसरी हरला. तिसरी अर्ध्यावर आली आणि लाईट गेली.

लाईट येईना. चष्मा पुसत तो पोरगा म्हणाला, "काकू, ते सोडवता कसं? सांगाल?"

"सांगून कळत नाही. पकडून घ्यावं लागतं. आमच्या इथे ये."

"कधी?"

"रोज चालू असतं. शटर आतून वाच, सगळं लिहिलेलं आहे. आमच्याकडे लपवत नाहीत."

तो दुसऱ्या दिवशी आला, चार दोस्त घेऊन, राहिलेला डाव पुरा करायला. तो बदली जिंकला. मग चष्मेवाल्याला परत खेळायचं होतं, मग बदलीला. हे कळलं तसे आमचेही परत आले. कॉलेजच्या पोरांकडे बॉबिनी नव्हत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मशीनवर पेन ठेवले, कोणी घड्याळ ठेवलं. आमच्या लोकांनी घरून जास्तीच्या बॉबिनी आणून दिल्या. चष्मेवाल्याने त्याच्या बॉबिनीवर निळ्या शाईने चष्मा काढला.

महिना भरला त्या सकाळी मशीनवाला टेम्पो आणि दोन हमाल घेऊन हजर झाला. मधल्या दिवसांत तो फिरकला नव्हता. त्याने मनात हिशेब केला होता की इथे कोणी नसणार. नवरा त्या दिवशी गेटवर गेला नव्हता. दारातल्या खाटेवर बसून होता आणि हमालांसाठी तो काही उठला नाही. का, ते मी विचारलं नाही.

मशीनवाला खाटेला वळसा घालून आत आला. आत उभं राहायला जागा नव्हती. खेळ चालू होता, कोणी त्याच्याकडे बघितलंही नाही. मशीनच्या माथ्यावर बॉबिनींची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होती, आणि मागे दुसरी रांग सुरू झाली होती.

"बाईजी," तो म्हणाला, "राजेंद्र नगरवाल्याला मी शब्द दिलाय."

"घेऊन जा ना."

त्याने हमालाला खूण केली. हमाल पुढे झाला, बॉबिनींकडे बघून थांबला. तो मिलचाच जुना माणूस होता.

"आधी ते वरचं उतरव," मशीनवाला म्हणाला.

हमाल हलला नाही. मशीनवाल्याने स्वतः हात पुढे केला. खेळ थांबला. बदली स्टुलावरून वळला, चष्मेवालाही वळला.

"ज्याची बॉबिन त्यानेच उचलायची," मी म्हटलं. "पकडीचा नियम मी काढून टाकला. हा काढलेला नाही."

त्याने हात मागे घेऊन खिशात घातला, हमालांना मानेनेच बाहेर जायला सांगितलं आणि विचारलं, "माझा नंबर लावायचा तर कुठे लावू?"

मी त्याला मागची रांग दाखवली.